श्रावण नको, मार्गशीर्षात जाऊ

मुलुंड, मुंबई
आषाढ वद्य पंचमी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "यंदा श्रावणात कळसूबाईला जाऊ, पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील न देतील." मी हो-नाही काहीच न बोलता फोन ठेवला. तुम्हाला वाटलं असेल, हिच्या मनात न्यायचंच नाही. तसं अजिबात नाही. न्यायचं तर आहेच, फक्त श्रावणात नाही. हे फोनवर बोलताना माझा आवाज चढला असता, म्हणून लिहायला बसले.

१९७८ च्या श्रावणात परळच्या मित्रांबरोबर कसाऱ्याच्या गाडीने तुम्ही गेला होतात, ती गोष्ट आम्ही लहानपणी कितीदा ऐकली आहे. तिचा शेवट दर वेळी एकच असायचा: माथ्यावर पोहोचलो, तर स्वतःचा हात दिसेना इतकं धुकं. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत उंच जागी, १६४६ मीटरवर तुम्ही उभे राहिलात आणि काहीच न बघता खाली आलात. मला ते अजून लागतं. यंदा पुन्हा श्रावणात गेलो तर पुन्हा तेच होईल. समुद्रावरचा वारा सह्याद्रीला अडतो, वर चढता चढता गार होतो आणि आणलेलं सगळं पाणी तिथेच ओततो. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात. कळसूबाई त्याच्या शेजारचीच.

आणखी एक. गेल्या जुलैत मी ऑफिसच्या लोकांबरोबर गेले होते, ते तुम्हाला सांगितलं नाही. शनिवार होता, अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं तिथे लोटलेलं. लोखंडी शिडीपाशी तासभर रांगेत भिजत उभे होतो. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर. माझ्या पुढच्या मुलाचा पाय ओल्या पायरीवरून सटकला, तो कठड्याला लोंबकळला म्हणून वाचला. बोटं इतकी गारठली होती की मला पकड जाणवत नव्हती. त्या रांगेत मी तुम्हा दोघांना उभं करणार नाही.

आई, तुझं नवरात्राचं म्हणणं मला पटतं. जत्रा असते, देवीची ओटी भरायला तेच दिवस, खरं आहे. आणि त्या सुमाराला उतारावर सोनकीची पिवळी फुलंही असतात. पण पाऊस परतताना दुपारनंतर विजा कडाडतात, आणि वर आडोसा म्हणाल तर ते एवढंसं देऊळ. सगळ्यांत उंच माथा, हाताशी लोखंडी शिड्या. सकाळी लवकर उतरलो तर चालेल, पण जत्रेच्या गर्दीत लवकर उतरणं आपल्या हातात कुठे असतं? देवी मार्गशीर्षातही तिथेच असते. तुझी ओटी ती तेव्हाही घेईल.

म्हणून मी मार्गशीर्ष धरलाय. गुरुवारी तुझा उपास, तेव्हा तो वार सोडून. दत्तजयंतीनंतरच्या दोन-चार दिवसांत पहाटे चंद्र आकाशात असतो. आदल्या रात्री बारी गावात कुणाच्या तरी घरी मुक्काम करायचा आणि पाचला निघायचं. वाट वाळलेली असते, शिड्या कोरड्या असतात. आमचा वेग तीन तासांचा, आपण पाच लावू. थंडी मात्र असेल. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश पारा उतरतो, म्हणजे मुंबईत पहाटे अठरा असेल तर वर आठच्या आसपास, शिवाय वारा. बाबा, मफलर लागेल, नाही म्हणू नका.

आणि मग बघा. एकीकडे अलंग, मदन, कुलंग हे तिघे किल्ले ओळीने. रतनगडाचं नेढं, म्हणजे कातळातलं ते आरपार भोक. पलीकडे हरिश्चंद्रगड. खाली प्रवरेवर १९२६ साली बांधलेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला सप्तशृंगीची रांगसुद्धा. हे सगळं तेव्हाही तिथेच होतं, बाबा, तुमच्यापासून धुक्याएवढ्या अंतरावर. माघ उलटला की हवेत धूळ येते, वणव्यांचा धूर येतो, आणि पुढे ऊन सोसत नाही. म्हणून मार्गशीर्ष-पौष एवढेच दिवस माझ्या मनात आहेत.

मधले महिने वाया जाणार नाहीत. पाऊस ओसरला की रोज सकाळी आपल्या चिपळूणच्या गोवळकोट किल्ल्यावर चढून करंजेश्वरीच्या देवळाशी उतरा. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जास्त लागतं, तेव्हा काठी आत्तापासून हातात घ्या. दोघांचा ईसीजी आणि बीपी दसऱ्याआधी तपासून घ्या. डॉक्टर नको म्हणाले तर भंडारदऱ्याच्या काठावर बसून खालूनच शिखर बघू, मी काही बोलणार नाही. पण बाबा, ते नको म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीप सांगते. मुलुंडला तीन दिवस आधी या. आई, ओटीचा खण तू चिपळूणला घे, इथला मला पसंत पडत नाही. आणि नारळ तिकडूनच आणणार असशील तर दोन आण, एक बारीत ज्यांच्या घरी उतरू त्यांच्यासाठी.

तुमची,
बेबी