डुकराचं क्लोनिंग म्हणजे झेरॉक्स नव्हे

मा. संपादक,

डुकराच्या क्लोनिंगची बातमी आली की शेजारी हमखास एकसारख्या पिल्लांचा फोटो असतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, शास्त्रज्ञांना हौस आलीय प्राण्यांच्या कॉप्या काढायची. मला ते फार खटकतं. माझा मोठा भाऊ डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, त्याच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर, बोट ठेवलं की आत मोबाइल व्हायब्रेट होत असल्यासारखं लागतं. त्याच्यासारख्यांना डुकराची किडनी बसवता यावी यासाठीही हे संशोधन चालतं, आणि तेवढंच बातमीत नसतं.

डुकराचा अवयव तसाच माणसाला बसवला तर शरीर तो बघता बघता नासवतं, कारण डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते आणि आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध अँटीबॉडीज आधीच तयार असतात. म्हणून मग डुकराच्या साध्या पेशी लॅबमध्ये वाढवून ती साखर बनवणारा जीन बंद करायचा, बदल नीट झालेली पेशी निवडायची, मायक्रोस्कोपखाली बारीक काचेच्या नळीने बीजांडातलं केंद्रक ओढून काढायचं आणि तिथे या पेशीचं केंद्रक घालायचं. त्या एका पेशीपासून अख्खं डुक्कर उभं करायचं म्हणून क्लोनिंग! पहिली पाच क्लोन पिल्लं २००० सालच्या मार्चमध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात जन्मली, म्हणजे हे काम कालपरवाचं नाही.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत बोस्टनला रिचर्ड स्लेमन या रुग्णाला ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराची किडनी बसवली, रक्त सुरू झाल्यावर ती गुलाबी झाली आणि लघवी यायला लागली. हे वाचून दाखवलं तेव्हा भाऊ बराच वेळ गप्प होता, त्याला स्वतःला लघवी होऊन दीड वर्ष झालंय. स्लेमन साधारण दोन महिन्यांनी गेले, किडनीमुळे गेल्याची खूण सापडली नाही असं हॉस्पिटलने सांगितलं. नंतर टोवाना लूनी या रुग्ण बाईंना बसवलेली डुकराची किडनी १३० दिवस चालली, मग काढावी लागली. म्हणजे इलाज हातात आलाय असं मी भावाला सांगत नाही, सांगणारही नाही.

आणि डुकरांचंही लिहा. शेकडो भ्रूण माद्यांच्या गर्भाशयात सोडावे तेव्हा मोजकी पिल्लं हाती लागतात, त्यातली काही अशक्त निघतात, काही मरतात. ही किंमत लपवून कशाला ठेवायची?

फोटो जरूर छापा, पण त्याखाली कुठला जीन बदलला आणि अवयव किती दिवस चालला हेही द्या. भाऊ पेपर डायलिसिसच्या खुर्चीतच वाचतो, मोकळ्या हाताने.

— एक नियमित वाचक