चित्रातल्या जोग्याला त्याचा पंथ परत द्या

मा. केंद्रीय संस्कृतिमंत्री,
स. न. वि. वि.

आपल्या खात्याच्या ‘जतन’ प्रणालीमुळे (ती पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेने केली, म्हणून आम्हाला कौतुक अंमळ जास्तच) सरकारी संग्रहालयांतली चित्रं घरबसल्या पाहता येतात. तक्रार आहे ती चित्राखालच्या ओळीबद्दल. एकोणिसाव्या शतकातल्या गोसावी-बैराग्यांच्या चित्रांखाली पुष्कळदा नुसतं ‘साधू’ किंवा ‘फकीर’ असं लिहून काम उरकलेलं असतं.

चित्रकारांनी असं उरकलं नव्हतं. नाथपंथी काढताना पाळीत नव्हे, तर कानाच्या मधल्या कूर्चेत घातलेल्या मुद्रा म्हणजे कुंडलं, गळ्यात काळ्या लोकरीची शैली (म्हणजे दोरा) आणि तिला अडकवलेली बोटभर शिंगी (शिंगाची शिट्टी), सगळं ते बारकाईनं टिपत. एवढ्या खुणांवरून पंथ ओळखता येतो, आणि नोंद करणाऱ्याला मात्र त्या दिसत नाहीत!

पंथ कळला की चित्र बदलतं. 1823 साली जोधपुरात महाराजा मानसिंहांसाठी ‘नाथचरित्रा’ची चित्रं झाली. त्यातल्या एका चित्रात आधी नुसता सोनेरी रंग, आकार काहीच नाही; शेजारी त्याच सोन्यातून प्रकटलेला सिद्ध. राजाची गादी नाथांच्या आशीर्वादाची, तेव्हा तिथे जोगी म्हणजे साक्षात परब्रह्म. दोनच वर्षांनी, 1825 मध्ये, हरियाणातल्या हांसीच्या छावणीत जेम्स स्किनरनं आपला फारसी ग्रंथ पुरा केला. हा एकेकाळी शिंद्यांच्या फौजेतला, पुढे इंग्रज कंपनीच्या चाकरीतला माणूस. त्याच्या ग्रंथात जोगी येतो तो जातीजमातींच्या यादीतला एक नमुना म्हणून. त्याची एक प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. या दोन्ही जोग्यांखाली ‘साधू’ लिहिलं, तर उरलं काय?

मागणी खर्चिक नाही. नोंदीत पंथ, खुणा आणि चित्रशैली यांचे रकाने भरून घ्या, आणि ते भरताना जाणत्यांना विचारा. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तोंडावर आहे. आखाडे येतील, नाथपंथी जोग्यांची झुंडी (म्हणजे त्यांची सामूहिक यात्रा) त्र्यंबकेश्वराहून पायी मंगळूरच्या कद्री मठाकडे निघेल. तिथे आपल्या खात्याची दोन माणसं चित्रांच्या छापील प्रती घेऊन बसवा. कोणती माळ कोणाची, कोणता टिळा कुठला, हे तिथला चेलासुद्धा सांगेल. ज्याने सांगितलं त्याचं नावही नोंदीत येऊ द्या.

आपला,
एक संग्रहालयप्रेमी