सर्व्हर चालू, पण पान उघडेना

संपादक महोदय,

शेवटच्या तारखेला ऑनलाइन अर्ज अडकला की ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून सगळे मोकळे होतात. पुष्कळदा सर्व्हर चालूच असतो. डेटाबेसची (माहितीच्या साठ्याची) जोडणी मिळेना म्हणून अर्जदारांच्या ब्राउझरकडून आलेल्या विनंत्या ताटकळतात, आणि सीपीयूचा (प्रोसेसरवरील कामाचा) आलेख मात्र निवांत दिसतो!

अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ या भाड्याच्या क्लाउड सर्व्हरची मेमरी व डिस्क किती भरली, हे क्लाउडवॉच ही अ‍ॅमेझॉनचीच देखरेख सेवा आपोआप दाखवत नाही. त्यासाठी सर्व्हरवर वेगळा एजंट, म्हणजे आकडे पाठवणारा छोटा प्रोग्राम, बसवावा लागतो. मूळ सोयीत आकडे दर ५ मिनिटांनी येतात. तेवढ्यात इतवारीतल्या सायबर कॅफेत रांग लागते.

सरासरीवर तर विसंबूच नये. १०० पैकी ९५ विनंत्या अर्ध्या सेकंदात आणि ५ विनंत्या ३० सेकंदांत पुऱ्या झाल्या, तरी सरासरी २ सेकंदांच्या आतच. म्हणून ९९ वा पर्सेंटाइल, म्हणजे १०० पैकी ९९ विनंत्या जेवढ्या वेळात पुऱ्या होतात तो आकडा, पाहावा.

प्रत्येक विनंतीला क्रमांक देऊन तो सगळ्या लॉगमध्ये (यंत्रणेच्या नोंदींत) उमटवावा. लॉगची वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे सकाळी ११ चा बिघाड ५.३० च्या नोंदींत सापडतो. शिवाय पान उघडते का, याची एक तपासणी त्या क्लाउडच्या बाहेरून, दर मिनिटाला हवी. संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी ३० दिवस इशारा यावा, तोही नोकरी सोडून गेलेल्याच्या ईमेलवर नव्हे.

– क्लाउड यंत्रणा सांभाळणारे काही अभियंते, नागपूर