रिकाम्या जागेला ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य खात्यात पद रिकामे पडले तरी तसे सहसा दिसत नाही. एखादी सिस्टर निवृत्त झाली किंवा बदलून गेली, की शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ जातो. आम्ही त्याला नुसते ‘चार्ज’ म्हणायचो. चार्ज दिला की मासिक अहवालाचे सगळे रकाने भरतात आणि वरच्या कार्यालयाचा जीव भांड्यात पडतो.

मी नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आरोग्य सेविका म्हणून ३१ वर्षे काम केले आणि मे २०२२ मध्ये निवृत्त झाले. माझ्या जागी अजून चार्जच आहे. शेजारची सिस्टर आठवड्यातून दोन दिवस येते आणि त्या दोन दिवशी तिच्या स्वतःच्या उपकेंद्राला कुलूप असते. एक जागा न भरल्याने दोन उपकेंद्रे अर्धवट झाली. आदिवासी, डोंगरी भागात ३ हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असा निकष आहे, तो कशासाठी ठेवला हे पावसाळ्यात ओहोळ ओलांडून पाड्यावर जाणाऱ्यालाच कळते.

करोनाच्या लशीचे दिवस आठवतात. टोचली की माणूस दोन वर्षांत मरतो, अशी आवई पाड्यापाड्यांवर पसरली होती. गाडी दिसली की बाया पोरांना घेऊन रानात शिरत. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी ध्वनिक्षेपकावरून तासभर समजावले, एक माणूस आला नाही. शेवटी एक म्हातारी ओट्यावर येऊन मला म्हणाली, “नर्सबाई, माझ्या नातवाला तूच टोचलं होतंस. तू टोचशील तर टोच.” तिच्या मागून त्या दिवशी बावीस जण आले. हा विश्वास काही औषधासारखा वरून पुरवठा होऊन येत नाही. एकाच बाईने त्याच गावात दहा-पंधरा वर्षे पाय झिजवले की तो तयार होतो. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या, दिवाळीनंतर अर्धा पाडा द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतो हेही ठाऊक नसलेल्या सिस्टरला लोकांनी का म्हणून ऐकावे? दोष तिचा नाही.

महासाथीनंतर इमारती रंगल्या, ठिकठिकाणी ऑक्सिजनची सोय झाली. माणसांचे मात्र उलटे झाले. लाटेत काही महिन्यांच्या आदेशावर घेतलेल्या मुलींना लाट ओसरताच ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगण्यात आले. माझ्यासोबत कोविड केंद्रात राबलेली एक जण रुग्णाचा ऑक्सिजन नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायला शिकली होती. ती आज शहरातल्या एका खासगी रुग्णालयात आहे. कायम पदांच्या भरतीचे काय झाले तेही वाचकांना आठवत असेल: २५-२६ सप्टेंबर २०२१ ची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली आणि ऑक्टोबरमध्ये झाली तेव्हा पेपर फुटला. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. तो अमलात यावा म्हणून त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संपावर जावे लागले. निर्णयासाठी एक संप, अंमलबजावणीसाठी दुसरा!

आशाताईंबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही. गावातल्याच बायांना शिकवले तर तान्ह्या बाळांचे मृत्यू कमी होतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिले. तेच काम आज देशभरातल्या आशा करतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ४२ दिवसांत घरी सहा भेटी, त्याचे २५० रुपये. भेटीमागे ४२ रुपयेही पडत नाहीत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, आम्हाला अभिमान वाटला. पण आझाद मैदानावर ठाण मांडल्यावरच मार्च २०२४ मध्ये राज्याने ५ हजारांची वाढ दिली. आमच्याकडच्या आशांचा मोबदला दोन-दोन महिने खात्यावर येत नाही. पगाराची तारीख ठरलेली असणे हा हक्क वाटत नाही अशी एवढी एकच नोकरी मला माहीत आहे.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक उपकेंद्राबाहेर कर्मचाऱ्यांच्या नावांचा फलक असतो. रिकाम्या पदापुढे चार्जवाल्या सिस्टरचे नाव न रंगवता ‘पद रिक्त’ असे लिहावे आणि खाली कधीपासून ती तारीख टाकावी. ती यादी दर ग्रामसभेत वाचावी. सहा महिन्यांहून जास्त काळ चार्ज चालू ठेवायचा असेल, तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी कारण लेखी द्यावे. भरती करताना महासाथीत काम केलेल्यांना त्या दिवसांचे गुण मिळावेत आणि सिस्टरला रात्री राहता येईल असे, दाराला धड कडी असलेले निवासस्थान द्यावे. बाकीच्याला पैसे लागतील, हे कळते. फलक रंगवायला एक डबा रंग पुरतो.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. नाशिक