हूक पोत्याला कुठं लावतात?

आदरणीय सर आणि मॅडम,
सादर नमस्कार.

विद्यापीठ सोडून तीन वर्षं झाली, म्हणजे पत्र उशिराच. आमच्या घरात आभार मानायची रीत नाही, सवय लागायला वेळ गेला असं समजा.

सर्जनशील लेखनाच्या वर्गात माझी पहिली कथा लातूरच्या मोंढ्यावरची, म्हणजे धान्यबाजारातली होती. अप्पा तिथं हमाल, म्हणून विषय माझ्या हक्काचा, असा तोरा. पहिल्याच पानावर 'घर्मबिंदूंनी न्हालेला श्रमयोगी'. (आज आठवलं तरी कान तापतात.) सर, तुम्ही एवढंच विचारलंत, "हूक पोत्याला कुठं लावतात?" मला सांगता येईना. "मग विचारून या."

त्याच आठवड्यात तुम्ही लीळाचरित्र शिकवत होता. तेराव्या शतकातले म्हाइंभट चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करत माणसांमागं हिंडले. मी मात्र परीक्षेपुरतं 'मराठीतला आद्य गद्यग्रंथ' एवढंच पाठ केलेलं.

रात्रीच्या एसटीनं घरी गेलो. अप्पांनी रिकामं बारदान पुढं ओढलं, शिवणीचा कोपरा मुठीत धरला. "हे कान. हितं लावायचा. मधी लावला की फाटतंय, तूर सांडती, अन् शेठ आपल्याकडंच बघतोय." मग क्विंटलाचं पोतं पाठीवर घेताना मान कशी धरायची, थप्पी कशी चढवायची, पहिल्याच आठवड्यात हातून फाटलेलं पोतं, त्या दिवशीची कापलेली हमाली. दीड तास बोलले. त्याआधी आमचं बोलणं 'फी भरली का' आणि 'जेवलास का' एवढंच.

मॅडम, तुम्ही नवा खर्डा मोठ्यानं वाचायला लावलात. अप्पांचं 'सांडती' मी 'सांडते' करून आणलं होतं. तिथंच जीभ अडली. तुम्ही काही न बोलता पेन्सिलनं मात्रा खोडून वेलांटी दिलीत. तो कागद अजून जपलाय.

गेल्या दिवाळीत कथा एका अंकात आली. अप्पांना वाचून दाखवली. म्हणाले, "फाटलेल्या पोत्यात तूर नव्हती रे, सोयाबीन होतं." आई चुलीपाशून म्हणाली, "तूरच होती. पदरात मीच भरून आणली की."

सर, लीळाचरित्रात असे पाठभेद जागोजागी नोंदवलेत, तुम्हीच दाखवले होते. आता पुस्तकासाठी कथा टाईप करतोय. तूर आणि सोयाबीन, दोन्ही ठेवलंय.

तुमचा विद्यार्थी