मनीला सोडून येऊ नका, ओसरीच्या खांबाला दोर गुंडाळा

रोचेस्टर, न्यूयॉर्क राज्य
रविवार, 10 ऑगस्ट 2025

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. नमस्कार.

काल फोन ठेवला आणि नंतर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आई, तू म्हणालीस, "या मनी मांजरीनं आजोबांच्या आरामखुर्चीची पार रया घालवली. पोळा झाला की दादा तिला पोत्यात घालून मांजरा नदीच्या पलीकडं सोडून येणार." मला फोनवर धड बोलता आलं नाही, कारण तुझा राग खरा होता. ती खुर्ची आपल्याला काय आहे हे मला ठाऊक आहे. आजोबा दुपारी तिच्यावर पाय लांब करून पेपर वाचायचे आणि मी खाली बसून वेताच्या जाळीत बोटं घालत राहायचे. दादानं पाठवलेल्या फोटोत तुटलेला वेत आणि सागवानी हातावरचे ओरखडे बघून माझ्याही पोटात कालवलं. म्हणून सावकाश, हातानं लिहितेय. पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा. आणि वाचून होईपर्यंत मनीला कुठंही नेऊ नका, एवढं माझं ऐका.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मांजरीला, भुरीला, आणलं तेव्हा आमच्या घरातही हेच झालं होतं. आमचं घर भाड्याचं, सोफा घरमालकाचा, त्याला जाड सुताचं खरबरीत कापड. महिनाभरात त्याच्या कोपऱ्याची सुतं लोंबायला लागली आणि आतला फोम दिसायला लागला. एक महिन्याचं भाडं डिपॉझिट म्हणून दिलेलं, ते सगळं जाणार या धास्तीनं मी भुरीवर ओरडायचे, टाळ्या वाजवायचे, तोंडावर पाण्याचा फवारा मारायचे. त्यानं सोफा वाचला नाही. मी कामावर गेले की ती ओरबाडायचीच. फरक एवढाच पडला की माझ्या हातात बाटली दिसली की ती पलंगाखाली जाऊन बसायची. माझ्या घरातलं जनावर मला भ्यायला लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग एके दिवशी सोफा झाडताना कापडात अडकलेलं काहीतरी हाताला लागलं. आधी वाटलं, नखच उपटून आलं. उजेडात धरून पाहिलं तर चंद्रकोरीच्या आकाराची, पारदर्शक, आतून पोकळ अशी साल होती. कांद्याचा वरचा पापुद्रा वाळून सुटतो ना, अगदी तशी, फक्त टोकाला सुईसारखी. घाबरून तीच कागदात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी सांगितलं, मांजराचं नख थरांनी वाढतं. वरचा थर जुना झाला की तो सोडवायला मांजराला कशाततरी नखं रुतवून ओढावी लागतात. साल निघाली की खालचं नवं, अणकुचीदार नख मोकळं होतं.

पण नुसतं तेवढंच नाही. पंज्याच्या गाद्यांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात. ओरबाडलं की त्या जागेला मांजराचा वास लागतो आणि ओरखड्यांची खूणही दिसते. "इथं मी राहते" हे सांगायची त्यांची ती रीत. म्हणून मांजर अडगळीतली मोडकी फळी सोडतं आणि नेमकी घरातली माणसं जिथं बसतात-उठतात ती जागा धरतं. आई, मनीनं आजोबांची खुर्ची धरली ती तुझ्यावर डूख धरून नाही. ओसरीत येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या खुर्चीपाशी थांबतो, आपल्या सगळ्यांचा वास तिला आहे, आणि मनीची झोपायची जागाही तिच्याखालीच. मांजर झोपेतून उठलं की पहिल्यांदा अंग ताणतं. पुढचे पाय उंच टेकवायचे, नखं रुतवायची आणि पाठीपासून शेपटीपर्यंत ताण द्यायचा. भुरी असं करते तेव्हा तिच्या खांद्याची हाडं कातडीखाली वर येताना दिसतात आणि डोळे आपोआप मिटतात. ते एकदा जवळून बघितलं की हे तिच्या अंगाचं काम आहे, खोडी नाही, हे कळतं.

तेव्हा मी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला होता, तो तुम्हाला सांगायलाच हवा. अमेरिकेत मांजराची नखं कायमची काढून टाकायचं ऑपरेशन वर्षानुवर्षं होत आलं आहे. मी म्हटलं, तसं काही करता येईल का? त्या म्हणाल्या, न्यूयॉर्क राज्यात त्यावर 2019 पासून बंदी आहे. अशी बंदी घालणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. मांजराच्याच दुखण्यासाठी गरज असेल तरच ते करता येतं, नाहीतर 1000 डॉलरपर्यंत दंड. मग त्यांनी माझाच हात हातात घेऊन बोटाच्या शेवटच्या पेरावर आपलं बोट ठेवलं. मांजराचं नख हाडातूनच उगवतं, त्यामुळं नुसतं नख काढता येत नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर हाडासकट कापावं लागतं. पुढच्या दोन पंज्यांची मिळून दहा पेरं. माझा हात त्यांच्या हातातच गार पडला.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. बंदीच्या खूप आधी त्यांनी आपल्या मांजराचं हे ऑपरेशन करून घेतलं होतं, तेही नव्या सोफ्यासाठीच. त्या सांगत होत्या, ते मांजर नंतर खड्यांवरून चालल्यासारखं पाऊल टाकायचं. विधीच्या डब्यातली रेती पायाला टोचायची म्हणून डब्यात जाणं त्यानं सोडलं आणि ते गालिच्यावर बसायला लागलं. कुणी जवळ गेलं की चावायचं, कारण नखं राहिली नव्हती. "मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

आता भुरीचा सोफा कसा सुटला ते सांगते. दुकानातून मी आधी फूट-दीड फुटाचा एक खांब आणला होता. तिनं त्याला एकदा पाय लावला, तो कलंडला, आणि ती पुन्हा त्याच्याकडे फिरकली नाही. डॉक्टर म्हणाल्या, खांब तीन फूट तरी हवा, मांजराचं अंग पूर्ण ताणलं गेलं पाहिजे, आणि तो तसूभरही हलता कामा नये. मग तसा जड बुडाचा, सिसलचा दोर गुंडाळलेला खांब आणला आणि सोफ्याच्या फाटलेल्या कोपऱ्यासमोरच उभा केला. घराच्या कोपऱ्यात नाही, अगदी तिच्या वाटेत. सोफ्याच्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. पंज्याला काही चिकटलेलं मांजराला अजिबात खपत नाही. तिनं खांबाला नख लावलं की लगेच मासळीचा एक तुकडा द्यायचा, सोफ्याला लावलं तर काही बोलायचं नाही. पाचव्या आठवड्यात सोफा सुटला. नंतर तो खांब रोज चार बोटं सरकवत खिडकीपाशी नेला, तो आजतागायत तिथंच आहे.

आणि बाबा, मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला सांगू? हे सिसल म्हणजे काय ते शोधलं, तर ते आपलं केकताड निघालं! आपल्या मळ्याच्या बांधाला आहे ते घायपात. झाड मुळात मेक्सिकोचं. तिथल्या युकातान भागातल्या सिसल नावाच्या बंदरातून हा वाख जगभर जायचा, म्हणून त्याला ते नाव पडलं. लहानपणी तुम्ही मला दाखवलं होतं, केकताडाची पानं पाण्यात कुजवायची, झोडपायची, वाख सुटा करून वाळवायचा आणि त्याचा दोर वळायचा. तोच दोर इथं गुंडाळून, चकचकीत वेष्टनात विकायला ठेवलेला असतो. दुकानात मी त्यावरून हात फिरवत कितीतरी वेळ उभी होते. तो खरखरीतपणा माझ्या ओळखीचा होता.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या आठवड्यात पोळ्याचा बाजार भरेल. म्होरक्या, वेसणी, कासरे घ्यायला तुम्ही जालच. तिथं केकताडाचा दोर बघा. नायलॉनचा रंगीत दोर नको, त्यात नख धरत नाही. केकताडाचा नाहीच मिळाला तर काथ्याचा चालेल. करंगळीएवढ्या जाडीचा चाळीस मीटर तरी घ्या. आपल्या ओसरीचा जो खांब खुर्चीच्या सगळ्यात जवळ आहे, त्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत दोराला दोर भिडवून घट्ट गुंडाळा. खांब जास्त जाड वाटला तर दोर थोडा जास्त लागेल. वर-खाली खिळा मारून टोकं आत दाबा, म्हणजे मनीच्या पायात खिळा जाणार नाही. इतका भक्कम खांब मला इथं पैसे देऊनही मिळाला नसता.

इथं मांजरांना भुलवायला कॅटनिप नावाचा वाळलेला पाला मिळतो, तो दोरावर चोळतात. आपल्याकडं त्याची गरज नाही. आता श्रावणात परसात खोकली उगवली असेल. तिची मुळी उपटली की मांजरं तिच्यावर कशी लोळतात हे तुम्हीच मला दाखवलं होतं. ती ओली मुळी दोरावर घासा आणि मग मुळी टाकून द्या, मनीला खाऊ देऊ नका. चार-चार दिवसांनी पुन्हा घासा.

तोवर खुर्चीचं काय? आई, तिच्यावर जुनी गुळगुळीत रेक्झिन किंवा प्लॅस्टिकचा जाड कागद टाकून खालून बांध. गोधडी टाकू नकोस, गोधडीत तर नखं अजूनच छान रुततात. आणि तू खुर्चीवर तिखट टाकलंस असं म्हणालीस, ते आजच पुसून घे. मांजर पंजे चाटतं, ते तिखट तिच्या तोंडात आणि डोळ्यांत जातं. फिनाइल शिंपडू नको, डांबरगोळ्याही ठेवू नको. मांजराच्या यकृताला फिनाइल पचवता येत नाही, थोड्याशा चाटण्यानंही ती मरणाच्या दारी जाईल. तिचा जुना वास घालवायला साबणाच्या कोमट पाण्याचा फडका फिरव आणि खुर्ची सावलीत वाऱ्याला ठेव.

भुरीची नखं मी दोन-तीन आठवड्यांनी कापते, आतली गुलाबी शीर सोडून नुसतं टोक. मनीची मात्र कापू नका. भुरी चोवीस तास घरात असते, मनीला गल्लीतल्या कुत्र्यांपासून पळून चिंचेवर चढावं लागतं. दादा नवा सोफा घ्यायचा म्हणत होता, त्याला सांगा, घट्ट विणीचं, मखमलीसारखं कापड बघ, जाड सुताचं नको.

बाबा, सोडून देण्याबद्दल तुमच्याशी थोडं बोलते. जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा ठिकाणी टाकून देणं हा आपल्याच देशात 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण मी तुम्हाला कायद्यासाठी अडवत नाही. नदीपलीकडच्या गावातली मांजरं तिला आपल्यात घेणार नाहीत, आणि ती परत यायला निघाली तर मधे हमरस्ता आहे. गेल्या उन्हाळ्यात तिनं तोंडात पिल्लं धरून सात घरं केली आणि शेवटी आपल्या ओसरीत खुर्चीखाली आणून ठेवली. आई, तेव्हा तूच तिला वाटीत दूध घातलंस आणि मला फोन करून सांगितलंस. तुझा आवाज किती आनंदला होता, मला अजून आठवतो. ज्वारीच्या पोत्यांना यंदा उंदीर लागला नाही, हेही तूच सांगितलंस.

मला पोळ्यापर्यंत नको, दिवाळीपर्यंत मुदत द्या. तोवर मनीनं खुर्ची सोडली नाही तर दुसरं काय करायचं ते आपण मिळून ठरवू. बाबा, तुमच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. दादा-वहिनींना नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुमची,
बेबी

ता. क. खुर्चीचा वेत नव्यानं विणायला लातूरला कोण कारागीर आहे ते दादाला विचारायला सांगा, पैसे मी पाठवते. पण मनीला दोराची सवय लागल्यावरच खुर्ची विणायला द्या. आणि ती पहिल्यांदा खांबाला लागेल तेव्हा फोटो काढा, इथं मध्यरात्र असली तरी पाठवा.