देवळालीच्या लेकीला पत्र

हिंगोली,
रविवार रात्र

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

परवा देवळालीच्या तोफखाना स्कूलमधून फोनवर तू म्हणालीस, "आई, एम.एस्सी.चं सगळं भौतिकशास्त्र देवळालीच्या गेटबाहेर राहिलं गं." तेवढ्यात तुला हाक आली आणि बोलणं तुटलं. पण ते वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड तुला नवा नाही. त्याच्या नावाची त्रिज्या, म्हणजे वस्तू जेवढ्यात दाबली की तिचं कृष्णविवर होतं ती, तू कितीदा काढली असशील : सूर्याची साधारण 3 किलोमीटर, पृथ्वीची जेमतेम 9 मिलिमीटर. पण हा माणूस जर्मन तोफखान्यात लेफ्टनंट होता, हे तुला कुणी सांगितलंय का? मी इतकी वर्षं शिकवलं, फळ्यावर त्याचं सूत्र लिहिलं, पण त्याच्याविषयी कधी बोलले नाही. त्याची मला खंत आहे.

1914 साली युद्ध पेटलं तेव्हा तो पॉट्सडॅमच्या खगोलभौतिकी वेधशाळेचा संचालक होता. चाळिशी ओलांडलेली, घरी लहान मुलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपण होऊन भरती झाला. ज्यू घरातला होता. आपणही या देशाचेच, हे दाखवायची ओढ त्याच्या मनात असावी असं मला वाटतं. आधी बेल्जियममध्ये हवामान केंद्रावर, मग फ्रान्समध्ये तोफखान्यात गोळ्यांच्या मार्गाचं गणित करायला, पुढे रशियाच्या आघाडीवर अशी त्याची नेमणूक होत गेली.

हवामान आणि तोफखाना यांचा संबंध आता मी तुला काय सांगायचा! गोळा काही किलोमीटर उंच चढतो, वर हवा विरळ होत जाते, प्रत्येक थरातला वारा वेगळ्या दिशेचा. गारठ्यात हवा दाट होते आणि तीच तोफ, तोच कोन, तरी गोळा अलीकडेच पडतो. तुमच्याकडे गोळाबारीच्या आधी फुगा सोडून वरच्या हवेचं मोजमाप घेतात ना, तोच हा प्रश्न. वारा आणि हवेची घनता यांनी गोळ्याचा मार्ग कसा बदलतो, यावर त्याने 1915 मध्ये निबंध लिहिला. लष्करी गुपित म्हणून तो छापला गेला 1920 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. ग्रहांच्या कक्षा काढणारा हात होता तो. सोळाव्या वर्षी जोडताऱ्यांच्या कक्षांवर त्याचे लेख छापून आले होते. गोळ्याची कक्षाही त्याने त्याच काटेकोरपणे काढली.

इथे माझी लेखणी अडली, सई. त्या आकडेमोडीवरून सुटलेले गोळे कुणाच्या तरी लेकरांवरच पडले. हे झाकून त्याचं कौतुक करणं मला जमणार नाही. तू हा गणवेश घातलास तेव्हाही हेच माझ्या मनात होतं, तुला बोलले नव्हते. आज बोलले.

आता मूळ मुद्दा. 18 नोव्हेंबर 1915 ला आइन्स्टाइनने आपल्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताने, म्हणजे व्यापक सापेक्षतेने, बुधाच्या कक्षेचं कोडं सोडवल्याचं मांडलं : कक्षेच्या वळण्यात शतकात 43 विकलांचा (अंशाच्या 3600व्या भागाला विकला म्हणतात) फरक. पण गणित अंदाजी होतं, आकडा जुळेल इतपत. नेमकी उकल त्या सिद्धांताच्या अवघड समीकरणांतून इतक्यात निघेल असं त्यालाही वाटत नव्हतं. आणि आघाडीवरून पत्र आलं, त्यावर तारीख 22 डिसेंबर. श्वार्झशिल्डने एका गोल वस्तुमानाभोवतीची नेमकी उकल काढली होती. अवघे पाच आठवडे झाले होते गं! पत्रात त्याने लिहिलं होतं की तोफांचा भडिमार चालू असूनही युद्धाने माझ्यावर कृपा केली, तुमच्या विचारांच्या प्रदेशात एक फेरफटका मारता आला. जानेवारी 1916 मध्ये आइन्स्टाइनने ती उकल प्रशियन अकादमीत सादर केली. पुढच्याच महिन्यात दुसरा निबंध, ताऱ्याच्या आतल्या भागाचा. आणि पुंजवादावरचा (क्वांटमवरचा) तिसरा छापून आला 11 मे 1916 ला.

त्याच दिवशी तो गेला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. आघाडीवरच त्याला पेंफिगस झाला होता. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच कातडीवर उलटते, अंगभर फोड येतात. तेव्हा त्यावर काही इलाज नव्हता. मार्चमध्ये त्याला घरी पाठवलं, तोवर फार उशीर झाला होता. त्याच्या मुलाला, मार्टिनला, चार वर्षंही पुरी झाली नव्हती. तो मोठा होऊन ताऱ्यांच्या अंतरंगाचाच अभ्यासक झाला. नाझींमुळे त्याला जर्मनी सोडावी लागली आणि दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या सैन्यात गेला. ज्या देशासाठी बाप घर सोडून गेला, त्याच देशाविरुद्ध मुलगा उभा राहिला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

औंढ्याकडे जाताना लायगो प्रकल्पाचा विषय निघाला की मला आता कार्ल श्वार्झशिल्डच आठवतो. कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र आपल्या जिल्ह्यात उभं राहणार, आणि त्या गणिताचं पहिलं पान तोफखान्यातल्या एका लेफ्टनंटने लिहिलेलं.

तू त्याच्यासारखी हो असं म्हणत नाही. पण गेटबाहेर काही राहिलेलं नाही, सई. तू रोज हवेच्या थरांतून गोळा नेतेस ते भौतिकशास्त्रच आहे, आणि रात्रीचा अर्धा तास तुझा स्वतःचा आहे. फराळाच्या डब्यात चकल्यांखाली तुझी सापेक्षतेची जुनी वही ठेवली आहे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, तेल लागू नये म्हणून.

आणि त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तुझ्या मनगटावर लाल चट्टे दिसले. घामाने आलेत म्हणालीस. उद्याच एमआय रूममध्ये, तुमच्या लष्करी दवाखान्यात, दाखव आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला त्याच दिवशी कळव. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
आई